द्राक्षबागेत लोडर आणि गवतकापणीसाठी छोटा ट्रॅक्टर: कुबोटा बी २४४१

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत दोन ओळींमधले अंतर ९ फूट आहे आणि आम्हांला छोटा ट्रॅक्टर हवा होता तो मुख्यतः गवत कापण्यासाठी आणि छाटणीआधी ट्रॉलीत शेणखत भरण्यासाठी. चौकशीला जावे तिथे आधी एचपीच सांगितला जाई. लोडरसाठी, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या उचलत्या बकेटसाठी, पाहायचा असतो तो ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल आणि मागचे वजन, हे एका प्रात्यक्षिकात डोळ्यांनी पाहिले. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरने ओल्या शेणखताचे भरलेले बकेट छातीएवढे उचलले, तसे पुढचे टायर चेपले, मागची चाके हलकी होऊन जागीच फिरू लागली आणि चालकाला स्टेअरिंग वळवता वळेना.

म्हणून फोर व्हील ड्राइव्हचा कुबोटा निओस्टार बी २४४१ घेतला. इंजिन २४ एचपीचे, तीन सिलिंडरचे. थ्री पॉइंटची, म्हणजे मागे अवजार जोडायच्या जोडणीची, उचल ७५० किलो. ही उचल मागची आहे, पुढच्या लोडरनेही तेवढे उचलता येईल असा अर्थ कृपया काढू नये. ट्रॅक्टर मुळात हलका असल्याने लोडर चालवताना आम्ही मागे रोटाव्हेटर जोडूनच ठेवतो, ओले खत अर्धे बकेटच घेतो आणि भरलेले बकेट गुडघ्याच्या वर न नेता ट्रॉलीपर्यंत जातो. शेणखतासाठी एवढे पुरते. मुरूम किंवा दगड भरायचे असतील तर मोठा ट्रॅक्टर पाहावा. लोडर बसवून घेताना त्याची फ्रेम मागच्या ॲक्सलपर्यंत नेलेली असावी, आणि त्यामुळे वॉरंटीला बाधा येणार नाही हे विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्यावे.

गवतकापणीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. रोटरी मोवर चार फुटी घेतला, कारण तो मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा रुंद नसेल तर चाकाखाली दबलेले गवत न कापताच राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. गिअर खालचा आणि इंजिनचे फेरे पुरेसे ठेवले की पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, मिनिटाला ५४० फेरे मिळतात, पाती गवत ओढत नाहीत, स्वच्छ कापतात आणि कापलेले गवत ओळीतच आच्छादन म्हणून पसरते. या ट्रॅक्टरच्या पीटीओला ९८० फेऱ्यांचाही वेग आहे. ५४० साठी बनवलेला मोवर त्यावर कधीही चालवू नये.