१२ इंची पृथ्वीगोल: आर्क्टिक शिकवायला उत्तम, फक्त वरची टोपी तपासून घ्या

जुळे सोलापुरात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. आर्क्टिक आलं की भिंतीवरचा नकाशा साथ देत नाही. रशिया उजव्या टोकाला, अलास्का डाव्या, आणि ध्रुव वरच्या कडेला ताणून संपलेला. म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानातून १२ इंची पृथ्वीगोल आणला, तेराशेला. दुकानदारांनी खोकी उघडून, गोल फिरवून दाखवले, कुठलीही घाई केली नाही.

मी गोल खाली ठेवते आणि मुलांना उभं राहून वरून बघायला लावते. रशिया, नॉर्वे, ग्रीनलंडमुळे डेन्मार्क, कॅनडा, अलास्कामुळे अमेरिका: एकाच समुद्राभोवतीचे पाच शेजारी. त्यात आइसलँड, स्वीडन, फिनलंड मिळवले की आर्क्टिक परिषदेचे, म्हणजे या भागातल्या देशांच्या सहकार्याच्या व्यासपीठाचे, आठ सदस्य होतात, पाठांतराची गरजच नाही. परिषद ज्याने स्थापन झाली त्या १९९६ च्या ओटावा जाहीरनाम्यातच लष्करी सुरक्षेचा विषय परिषदेबाहेर ठेवला होता. तरी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर बाकी सातांनी बैठका थांबवल्या, आणि तेव्हा अध्यक्षपद रशियाकडेच होतं. हे सांगताना मी रशियाचा किनारा हाताने झाकते. जवळजवळ निम्मा आर्क्टिक किनारा दिसेनासा होतो. रशियाला वगळून तिथलं हवामान संशोधन किती अवघड आहे, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

एका मुलाचे वडील यंत्रमागावर आहेत, त्याने सूत आणलं. योकोहामा ते रॉटरडॅम, एकदा सुएझवरून, एकदा सायबेरियाच्या किनाऱ्याने. उत्तरेचा धागा साधारण एक-तृतीयांश आखूड भरला. चीनला या बर्फात रस का, यावर त्या दिवशी वर्गात खरी चर्चा झाली.

छपाई स्वच्छ आहे. नॉर्वेच्या उत्तरेचा स्वालबार्ड हा बेटांचा समूह ठळक दिसतो. १९२० च्या स्वालबार्ड करारात भारतही आहे आणि २००८ पासून आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र तिथेच आहे, म्हणून मी तिथे लाल टिकली लावली आहे. २०१३ पासून आपण परिषदेत निरीक्षक आहोत, हेही त्या टिकलीशी जोडून लक्षात राहतं.

दोष एकच, पण मोठा. आसाच्या टोकावरची धातूची टोपी नेमका ध्रुवच झाकते. लोमोनोसोव्ह पर्वतरांग समुद्राखालून तिथूनच जाते. रशिया, डेन्मार्क आणि कॅनडा तिघेही ती आपल्या भूखंडाचा विस्तार असल्याचं सांगतात. २००७ मध्ये रशियाने ध्रुवाखालच्या समुद्रतळावर झेंडा रोवला, ती जागाही टोपीखालीच. शिकवण्याच्या वस्तूत ही चूक मला मान्य नाही. माझ्या गोलाचा स्क्रू सुटतो, म्हणून तासापुरती टोपी काढता येते. सगळ्यांचा सुटतोच असं नाही, काही टोप्या चिकटवलेल्या असतात.

पैसे वसूल आहेत. घेताना मात्र दुकानातच स्क्रू फिरवून बघा, आणि दहा इंचांपेक्षा लहान घेऊ नका. त्यावर स्वालबार्डचं नाव वाचता येत नाही.