सराव, स्टेजिंग की बटण? स्टार्ट लाइनवरचे शतांश कुठून मिळवायचे

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या कंपूतला एक जण गेल्या मोसमात ब्रॅकेट रेसिंगच्या नादी लागला. म्हणजे सरळ पट्टीवरची दोघांची शर्यत, जिथे प्रत्येक जण आपल्या गाडीला किती वेळ लागेल ते आधी सांगतो (तेच डायल-इन) आणि हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते. गाडी ऑटोमॅटिक मस्टँग, रोज ऑफिसला नेतो तीच. इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप २०१८ मध्ये बंद झाल्यापासून आम्हाला ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेपर्यंत जावं लागतं. तिथे हा गडी ओळीने तीन वेळा पहिल्याच फेरीत बाद झाला. तिन्ही वेळा गाडी डायल-इनच्या अगदी जवळ धावली होती. तो हरला तो सुरुवातीच्या दिव्यांपाशी. परत येताना त्याने विचारलं, "ट्रान्सब्रेक बसवून घेऊ, की घरी प्रॅक्टिस ट्री आणू? की दर बुधवारी येऊन नुसत्या रन मारू?"

(ट्री म्हणजे स्टार्ट लाइनवरचा दिव्यांचा खांब, प्रॅक्टिस ट्री ही त्याची घरगुती नक्कल. ट्रान्सब्रेक म्हणजे गाडी जखडून ठेवून बटणाने सोडायची सोय.) प्रश्न सरळ वाटतो, पण त्यात तीन वेगळ्या आजारांची औषधं एकाच ताटात वाढली आहेत. त्यामुळे आधी आजार कोणता ते बघू.

सगळ्यात आधी एक चाळणी. तुम्हाला समोरच्याला हरवायचंय की नुसता चांगला वेळ काढायचाय? ड्रॅग स्ट्रिपवर धावेचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक स्टार्ट लाइनवरचा प्रकाशकिरण (स्टेजचा किरण) सोडतं तेव्हा सुरू होतं. हिरव्यानंतर तुम्ही दोन सेकंद जांभया देत बसलात तरी धावेनंतर मिळणाऱ्या टाइम स्लिपवरच्या ईटीत (धावेला लागलेल्या वेळेत) त्यातलं काही दिसत नाही. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या व्हॅली रनसारख्या ठिकाणी आपल्या गाडीचा आकडा काय येतो एवढंच बघायचं असेल, तर या लेखातल्या कशावरही एक रुपया खर्च करू नका. टायर बघा, लाँच बघा. रिअॅक्शन टाइमला (हिरव्यापासून गाडी किरण सोडेपर्यंतच्या वेळेला) किंमत येते ती शेजारच्या लेनमध्ये कोणी असेल आणि शेवटच्या रेषेवर आधी कोण पोचलं यावर निकाल असेल तरच.

आणि तेव्हा ती किंमत चांगलीच असते. साडेचौदा सेकंदांची गाडी शेवटाला साधारण १५० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला जवळपास ४२ मीटर. दिव्यांपाशी गमावलेले पाच शतांश तिथे दोन मीटर होऊन बसतात. दोघंही आपापल्या डायल-इनवर अचूक धावले तर शर्यत तिथेच संपली.

आकड्यात दोन जण असतात

स्लिपवर आर/टी म्हणून जो आकडा छापतात तो तुमचा एकट्याचा नसतो. त्यात तुमचा डोळा-मेंदू-पाय आहे, आणि तुम्ही सोडल्यापासून पुढचं चाक किरणातून बाहेर पडेपर्यंत गाडीने घेतलेला वेळही आहे. साध्या दिव्याला माणूस साधारण पाव सेकंदात प्रतिसाद देतो, सरावलेला असेल तर ०.२० च्या आसपास. गाडीचा भाग मोजायला शाळेतलं गणित पुरतं. शॅलो स्टेज केलेल्या, म्हणजे पुढचं चाक किरणाला जेमतेम लागताच थांबवलेल्या गाडीला किरण सोडायला साधारण ११ ते १२ इंच पुढे जावं लागतं. यालाच रोलआउट म्हणतात. रस्त्यावरची गाडी सुरुवातीला सेकंदाला पाच मीटर प्रतिसेकंद अशा त्वरणाने उठली, तर तेवढ्या अंतराला तिला ०.३४ सेकंद लागतात. गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागाची) ढिलाई वेगळीच.

आता ट्री आठवा. स्पोर्ट्समन ट्रीवर तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. शेवटचा पिवळा दिसताच सोडलं तर ०.२० तुमचे, ०.३४ गाडीचे, बेरीज ०.५४. म्हणजे हिरव्यानंतर चार शतांश. ढिलाई धरून सात-आठ म्हणा. हा उत्तम आकडा आहे. हिरवा बघून निघणारा नवखा मात्र अर्धा सेकंद आधीच दान करून आलेला असतो, आणि पहिल्या मोसमात बरेच लोक तेच करतात. हिरवा दिवा प्रेक्षकांसाठी आहे असं समजा. (जुनी मंडळी अजून "पाच-शून्य-दोन मारला" म्हणतात. पूर्वी अचूक निघणं म्हणजे ०.५०० असायचं, आता ०.०००. गोंधळू नका.)

प्रो ट्रीवर तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. तिथे तुमचे ०.२० वजा केले की गाडीला उरतात ०.२०. रोजची गाडी तिथे ०.१५ ने उशिरा निघाली तर दोष तुमचा नाही. टेस्लावाल्यांचं उलट असतं. पेडल दाबताच गाडी उठते, त्यामुळे शेवटच्या पिवळ्यावर निघालात तर लाल दिवा (हिरव्याआधीच सुटल्याची खूण, म्हणजे शर्यत गेली) लागू शकतो.

आधी दहा स्लिपा काढा

मित्राला मी सांगितलं, गाडीतल्या कप्प्यात कोंबलेल्या स्लिपा बाहेर काढ. त्या अशा निघाल्या: ०.०९, ०.३१, ०.१४, मग लाल, ०.२२, ०.०७, ०.२८. आमच्यातल्याच दुसऱ्या एकाच्या, जुन्या कॅमरोवाल्याच्या: ०.१९, ०.२०, ०.१८, ०.२१, ०.१९. दोघांची सरासरी फारशी लांब नाही. पण पहिल्याचा माणूस बिघडलाय, दुसऱ्याची गाडी मंद आहे. पहिल्याने ट्रान्सब्रेक घेतला तर तोच गोंधळ तो दहा शतांश अलीकडे सरकवेल आणि निम्म्या वेळा लाल होईल. दुसऱ्याने वर्षभर प्रॅक्टिस ट्री बडवली तरी ०.१९ चं ०.१८ होईल.

म्हणून सरासरी बाजूला ठेवून सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट यांतलं अंतर बघा. माझा अंदाज: ते आठ-दहा शतांशांहून जास्त असेल तर पैसे गाडीत घालायची वेळ आलेली नाही.

घरची ट्री की ट्रॅकवरच्या रन

एका टेस्ट अँड ट्यूनच्या (नुसत्या सरावाच्या) संध्याकाळी मला रांगेत उभं राहून चार-पाच रन मिळतात. म्हणजे चार-पाच वेळा दिवा बघायला मिळतो. घरच्या ट्रीवर वीस मिनिटांत चाळीस वेळा. नुसत्या संख्येत तुलनाच होत नाही.

पण घरच्या ट्रीत तीन उणिवा आहेत. पहिलं, तिथे लाल दिव्याने काही जात नाही, म्हणून माणूस दिवा बघायचं सोडून ताल पकडतो. ट्री सुरू होण्याआधीचा थांबा दर वेळी वेगळा ठेवणारंच यंत्र घ्या. दुसरं, बोटाने बटण दाबून मिळालेला ०.०१ पायाने ब्रेक सोडणाऱ्याला काही सांगत नाही. पाय हातापेक्षा हळूच असतो. फूटब्रेक करत असाल तर खाली पायाचा स्विच जोडा, बूट शर्यतीचेच घाला, खुर्चीची उंची गाडीच्या सीटइतकी ठेवा. बायको हसते, हसू द्या. तिसरं, रोलआउटचा आकडा आपल्या गाडीचा भरला नाही तर घरचे शून्य-शून्य ट्रॅकवर निरुपयोगी.

फोनवरची अॅप फुकट आहेत आणि तेवढ्याच लायकीची. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, म्हणजे दिवा लागायलाच १६ सहस्रांशांपर्यंत इकडेतिकडे, वर स्पर्श ओळखायला लागणारा वेळ. तिसऱ्या दशांश स्थळावर खूश होऊ नका. शेवटच्या पिवळ्यावर निघायची सवय लावायला मात्र अॅप पुरतं, आणि अगदी नवख्याने आधी तेच करावं.

ट्रॅकवर मिळतं ते घरी मिळत नाही. रांगेतली चाळीस मिनिटं, हेल्मेटच्या आतला घाम, शेजारच्या गाडीचा आवाज, आणि त्याची बाजू आधी सुटत असेल तर त्याच्या दिव्याकडे ओढली जाणारी नजर. ब्रॅकेटमध्ये हळू गाडीला आधी हिरवा मिळतो. वेगवान गाडीतल्याला आपले दिवे लागेपर्यंत थांबावं लागतं आणि तिथेच माणसं लाल होतात. हा रोग फक्त ट्रॅकवर बरा होतो. माझं मत: आठवड्यातून तीनदा घरी, महिन्यातून दोनदा ट्रॅक. नुसता ट्रॅक हा महागडा आणि सावकाश रस्ता आहे.

फुकटचा उपाय, ज्याकडे कोणी बघत नाही

स्टेजिंग. प्री-स्टेजचा किरण स्टेजच्या सात इंच अलीकडे असतो. दुसरा दिवा लुकलुकताच थांबलात की शॅलो. आणखी पुढे सरकून प्री-स्टेजचा दिवा विझवलात की डीप. डीपमध्ये रोलआउट सात इंचांच्या आत येतो. वरच्याच गणिताने ०.३४ ऐवजी साधारण ०.२७. सात शतांश, एकही पाना न फिरवता! बदल्यात धावती सुरुवात कमी मिळते, म्हणून ईटी तेवढी वाढते आणि डायल-इन बदलावं लागतं. शिवाय काही वर्गांत डीपला मनाई आहे, आणि स्वयंचलित स्टार्टरवर (ट्री आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रावर) तुम्ही पुढे सरकत असतानाच ट्री सुटू शकते. नियमपुस्तक वाचून जा.

माझ्या कॅमरोवाल्या मित्राला मी हेच सुचवलं असतं, पण त्याला पुढे सरकताना दर वेळी वेगळा थांबायची खोड आहे. दोन इंचांचा फरक म्हणजे दोन-तीन शतांशांचा फरक. म्हणून त्याला आधी शॅलोच, पण दर वेळी तसाच. एक श्वास, ब्रेक किंचित सैल, दिवा, थांब. हा विधी पूजेसारखा त्याच क्रमाने झाला पाहिजे.

याच खात्यात लाँचचे आरपीएम येतात. फूटब्रेकवर ते थोडे वाढवले की कन्व्हर्टर आधीच ताणलेला राहतो आणि गाडी लवकर उठते. मर्यादा ब्रेकची: जास्त झालं तर गाडी ढकलत किरणातून बाहेर जाते. टर्बो गाड्यांमध्ये लाँच कंट्रोल असेल तर वापराच, कारण बूस्ट (टर्बोचा दाब) दर वेळी वेगळा भरला तर तुमचा पाय कितीही शहाणा असून उपयोग नाही.

ट्रान्सब्रेक आणि डिले बॉक्स

ट्रान्सब्रेक म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स एकदम लावून गाडी जागेवर जखडायची सोय. स्टिअरिंगवरचं बटण सोडलं की गाडी सुटते. फायदा दुहेरी आहे. पायाऐवजी बोट आलं, आणि गाडी पूर्ण ताणात उभी असल्याने तिची ढिलाई संपली. गाडीची मंदी हाच आजार असेल तर यापेक्षा चांगलं औषध नाही. पण त्यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो, आणि सुटतानाचा धक्का अॅक्सल, जॉइंट, टायर सगळ्यांना बसतो. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत हे करू नका, असं मी स्पष्ट म्हणेन. आजच्या बऱ्याच कारखानी गिअरबॉक्सना ही सोय सहज होतही नाही.

मी स्वतः जुन्या गाडीत बसवला तेव्हा पहिल्याच स्पर्धेत उणे ०.००४ ने लाल झालो. गाडी आता लवकर सुटत होती आणि मी जुन्याच क्षणी बोट उचलत होतो. नवी सवय लागायला अर्धा मोसम गेला. हा खर्च बिलावर लिहिलेला नसतो.

डिले बॉक्स ही पुढची पायरी. बटण पहिल्या पिवळ्यावर सोडायचं, बाकीचा वेळ यंत्र मोजतं. पहिल्या पिवळ्यापासून हिरवा दीड सेकंदावर. त्यातून तुमचे ०.२० आणि समजा गाडीचे ०.२५ गेले की बॉक्समध्ये १.०५ भरायचे. अंधारातून लागणारा पहिला दिवा ही सगळ्यात स्वच्छ खूण असते. ताल नाही, मोजणी नाही. म्हणून बॉक्सवाले इतके एकसारखे निघतात. उशीर होत असेल तर सवय न बदलता आकडा बदलायचा, ही खरी चैन.

अडचण वर्गाची. साधारणपणे बॉक्स सुपर प्रो या वर्गातच चालतो. तिथे समोरचाही बॉक्सवालाच असतो आणि ०.०३० ला उशीर म्हणतात. विनाबॉक्स वर्गात ०.०८ वर दोन फेऱ्या काढणारा माणूस बॉक्स घेऊन तिथे गेला तर पहिल्याच फेरीत घरी येतो. पट्टीच्या लोकांबरोबरच खेळायचं असेल आणि गाडी फक्त शर्यतीची असेल तरच हा विषय काढा.

मग कोणी काय घ्यावं

स्लिपा विखुरलेल्या असतील तर यादृच्छिक थांब्याची प्रॅक्टिस ट्री, पायाच्या स्विचसकट. एकसारख्या पण उशिरा असतील तर आधी आरपीएम, मग नियमात बसत असेल तर डीप, आणि गाडी रस्त्यावरची नसेल तर ट्रान्सब्रेक. एकसारख्या आणि दर वेळी थोड्याशा लाल असतील तर नशीबवान आहात. आणखी शॅलो थांबा किंवा पुढे थोडं मोठ्या व्यासाचं टायर लावा, रोलआउट वाढेल. मॅन्युअलवाल्यांनी यातलं कुठलंही करण्याआधी टू-स्टेप (निघताना आरपीएम ठरावीक आकड्यावर धरणारी सोय) बसवून क्लच एकसारखा सोडायला शिकावं.

मस्टँगवाल्याने ट्री घेतली. तळघरात, पायाच्या स्विचसह, रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं. सहा आठवड्यांनी त्याने पाठवलेल्या स्लिपांवर ०.०८ ते ०.१४ असे आकडे होते, आणि एक लाल, जो शेजारी एक प्रचंड आवाजाची गाडी होती म्हणून लागला असं त्याचं म्हणणं आहे. ट्रान्सब्रेकसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून त्याने मोसमाचे टायर घेतले.