निक्सओएस, गीक्स की मिंट: प्रोग्रामिंग न येणाऱ्याने काय घ्यावं?

मी भाषांतरकार. प्रोग्रामिंगशी माझा संबंध शाळेत बेसिकमध्ये स्वतःचं नाव दहा वेळा छापण्यापुरता. निक्सओएस, गीक्स आणि मिंट ही तिन्ही विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या लिनक्सची वेगवेगळी रूपं. आधी सहा वर्षं लिनक्स मिंट वापरलं, गेलं दीड वर्ष निक्सओएस. त्यामुळे "मला जमेल का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो.

मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, बटण दाबायचं. निक्सओएसमध्ये सगळी व्यवस्था एका मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते: कोणते प्रोग्रॅम, कोणते फॉन्ट, प्रिंटर चालू की बंद. ओळ घालायची, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'निक्सओएस-रीबिल्ड स्विच' म्हणायचं. पहिली फाइल कोऱ्या पानावरून लिहावी लागत नाही. 2022 पासून खिडक्या-बटणांचा इन्स्टॉलर आहे, तोच ती तयार करून देतो.

पहिल्याच संध्याकाळी प्रिंटरच्या ओळीशेवटचा सेमीकोलन राहिला. एरर आला, पण बिघडलं काहीच नाही. जुनी व्यवस्था तशीच चालू. पुढे एकदा ग्राफिक्स ड्रायव्हरशी खेळलो आणि स्क्रीन काळी पडली. रीस्टार्ट करून मेनूतून आदली 'जनरेशन', म्हणजे बदलाआधीची जपून ठेवलेली व्यवस्था, निवडली, दोन मिनिटांत कामाला लागलो. मिंटमध्येही व्यवस्था मागे नेणारं टाइमशिफ्ट आहे, पण ते आधी लावून ठेवलेलं असावं लागतं. (आपल्या फायली मात्र जनरेशन परत आणत नाही. बॅकअप हवाच. शिवाय जुन्या जनरेशन साफ केल्या नाहीत तर डिस्क भरत जाते.)

म्हणजे कोडची भीती फुकाची. खरी पंचाईत वेगळीच आहे.

जीएसटीसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असतो ना, त्याचा ड्रायव्हर मला डेब फाइल (मिंटसारख्या लिनक्ससाठीची इन्स्टॉल करायची फाइल) म्हणून मिळाला. मिंटवर डबल क्लिक, पासवर्ड, संपलं. निक्सओएसवर डेब फाइल तशी बसत नाही, आणि बाहेरून उतरवलेला तयार प्रोग्रॅम बहुतेकदा सुरूच होत नाही, कारण तो ज्या ठरलेल्या फोल्डरांत आपल्या लायब्ररी (त्याला लागणाऱ्या जोड-फायली) शोधतो तिथे त्या नसतात. असे प्रोग्रॅम चालवायला निक्स-एलडी नावाचा उपाय आहे, कुठल्याही लिनक्सवर चालणारे फ्लॅटपॅक प्रोग्रॅमही चालतात. पण टोकनपाशी मी तीन रात्री घालवल्या आणि शेवटी सहीपुरता जुना लॅपटॉप मिंटवरच ठेवला. नेटवर लिनक्सचे म्हणून जे उपाय सापडतात ते बहुतेक उबंटू या लोकप्रिय लिनक्सवाल्यांसाठी असतात. मिंट उबंटूवरच उभं असल्याने तिथे ते लागू पडतात, निक्सओएसवर नाही.

मराठी टायपिंग दोन्हीकडे होतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून मिळतो. उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर निक्सओएसमध्ये आयबस या टायपिंगच्या साधनाच्या तीन-चार ओळी फाइलीत घालाव्या लागतात. पण गंमत पुढे आहे. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा माझी फाइल त्यावर नेली (हार्डवेअरची फाइल वेगळी असते, ती नव्या मशीनचीच ठेवायची) आणि तासाभरात फॉन्ट, कीबोर्ड, शब्दकोश सगळं जागच्या जागी. मिंटवर याच कामात माझा रविवार जायचा.

गीक्सचं तत्त्व तेच, फाइल मात्र स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत, कंसांत कंस. त्यात फक्त मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) सॉफ्टवेअर असलेला कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, येतो; वायफायला लागणारे बंदिस्त भाग त्यात नसतात, म्हणून बऱ्याच लॅपटॉपचं वायफायच चालत नाही. तत्त्वासाठी घेणार असाल तर घ्या, सोय म्हणून नको.

अपडेटचा हिशेबही बघा. निक्सओएसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते आणि जुनीला आधार साधारण सात महिने. मिंट 22 ला 2029 पर्यंत आहे. आईच्या लॅपटॉपवर मी मिंटच ठेवलंय.

ठरवण्याआधी रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमची यादी करा आणि निक्सच्या वेबसाइटवरच्या पॅकेज-शोधात एकेक नाव टाकून बघा. सगळी सापडली तर पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. एक जरी फक्त डेब फाइलीतच मिळत असेल आणि घरात दुसरा लॅपटॉप नसेल, तर मिंट.