पेरोव्हस्काइट नॅनोकणांचे तयार द्रावण: रंग उत्तम, पण एलईडीसाठी अपुरे

आमच्या प्रयोगशाळेने एका पुरवठादाराकडून सिझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्हस्काइटच्या (विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाच्या) नॅनोकणांचे टॉल्युइन या द्रावकातील तयार द्रावण मागवले होते. रंगाच्या बाबतीत त्याला नावे ठेवायला जागा नाही. साध्या उजेडात पिवळसर दिसणारी बाटली अतिनील दिव्याखाली धरताच लख्ख हिरवी उजळते. प्रकाशाच्या वर्णपटाचे शिखर ५१५ नॅनोमीटरच्या आसपास असून रुंदी जेमतेम २० नॅनोमीटर भरते. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील कोव्हालेन्को यांच्या गटाने २०१५ मध्ये या नॅनोकणांची जी कृती प्रसिद्ध केली, तिच्याकडून हीच अपेक्षा असते.

खरी अडचण एलईडी बनवायला घेतल्यावर लक्षात येते. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइन यांच्या लांब साखळ्या असतात, आणि या साखळ्या विद्युतरोधक असल्यामुळे द्रावणात झळझळणारे कण पातळ थरात गेले की त्यांच्यापर्यंत विद्युतभार नीट पोहोचतच नाही. त्या कमी करण्यासाठी मिथाइल अ‍ॅसिटेट घालून कण धुवावे लागतात. थेंब पडतो तिथे द्रावण गढूळ होते. हात जरा सैल सुटला की साखळ्या गरजेपेक्षा जास्त निघून जातात, पृष्ठभागावरून ब्रोमाइड निसटल्याने राहिलेल्या रिक्त जागा उघड्या पडतात, कणांचे गठ्ठे होतात आणि चमक मंदावते. डायडोडेसिल डायमिथाइल अमोनियम ब्रोमाइडची प्रक्रिया केल्यावर मात्र आमचा थर स्पष्टपणे सुधारला, कारण त्याच्या साखळ्या आखूड आहेत आणि ते रिक्त जागाही भरून काढते. एवढी निर्णायक बाब असूनही पृष्ठभागावर कोणते रेणू आहेत आणि कण किती वेळा धुतले आहेत, याचा माहितीपत्रकात एका शब्दानेही उल्लेख नसावा, हे मला अक्षम्य वाटते.

लेसरच्या प्राथमिक अभ्यासासाठी हे द्रावण चांगले आहे. स्पंदित लेसरने उद्दीपन देताना ठरावीक तीव्रतेपुढे वर्णरेषा एकदम अरुंद होते, ते विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता येते. तिथे वीज वाहून न्यायची नसल्याने साखळ्यांचा अडसरही येत नाही. क्लोराइड मिसळलेली, निळा प्रकाश देणारी बाटली मात्र एलईडीसाठी घेऊ नये, कारण विद्युतदाबाखाली हॅलाइड (म्हणजे क्लोराइड आणि ब्रोमाइड) वेगळे होतात आणि रंग हिरव्याकडे सरकतो.

घ्यायचेच असेल तर लहान बाटली घ्यावी, धुण्याची माहिती आधी लेखी मागावी आणि शिसे असलेला कचरा वेगळा साठवण्याची सोय करूनच सील उघडावे.