न्यूबावर हिमोसायटोमीटर: वाणांच्या रोगचाचणीसाठी कितपत भरवशाचं?

बुरशीजन्य रोगांसाठी वाणांची छाननी करताना सगळं लक्ष पानांवरच्या डागांना गुण देण्याकडे असतं. पण रोपांच्या एका ट्रेवर मिलिलिटरला १० लाख बीजाणूंचं द्रावण गेलं आणि दुसऱ्यावर ३ लाखांचं, तर दुसऱ्या ट्रेतला वाण फुकटात ‘प्रतिकारक’ ठरतो. ही फसगत टाळायची तर सुधारित न्यूबावर हिमोसायटोमीटर हवंच. रक्तपेशी मोजायला बनलेली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची ही आखीव जाळीची काच बीजाणूंनाही चालते, फक्त सगळ्याच नाही.

रचना साधी आहे. जाळीत १ चौरस मिलिमीटरचे ९ मोठे चौकोन, आणि त्यावरच्या द्रावणाच्या जागेची, म्हणजे चेंबरची, खोली ०.१ मिलिमीटर. मधल्या चौकोनात २५ गट, प्रत्येक गटात १६ बारीक घरं. या अख्ख्या चौकोनातल्या संख्येला १०,००० ने गुणलं की मिलिलिटरमधले बीजाणू मिळतात. बरेच जण पाचच गट मोजून ५०,००० ने गुणतात. समजा ४८ बीजाणू दिसले, म्हणजे २४ लाख. १० लाखांचं १०० मिलिलिटर द्रावण हवं असेल तर यातलं सुमारे ४२ मिलिलिटर घेऊन पाण्याने १०० करायचं. पण ४८ च्या मोजणीत निव्वळ योगायोगानेच १४ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. पंचवीसही गट मोजून आकडा २४० वर गेला की हा फरक साडेसहा टक्क्यांवर येतो. इथे कंटाळा करू नये. रेषेवर बसलेले बीजाणू वरच्या आणि डाव्या बाजूचेच धरायचे.

खरी गोम कव्हरस्लिपमध्ये, म्हणजे वर झाकायच्या काचेत आहे. सोबत येणारी जाड, ०.४ मिलिमीटरची असते. ती फुटली म्हणून साधी पातळ कव्हरस्लिप ठेवली तर ती द्रवाच्या ओढीने वाकते, खोली बदलते आणि सगळा हिशेब कोलमडतो. नीट बसली की कडांना रंगीत वलयं दिसतात; ती दिसेपर्यंत द्रावण सोडू नये. चेंबरमध्ये साधारण १० मायक्रोलीटर पुरतं. खाचेत ओघळलं तर पुसून पुन्हा भरावं. भरल्यावर दोन-तीन मिनिटं बीजाणू खाली बसू द्यावेत.

गुठळ्यांचा दोष मात्र काचेच्या माथी मारू नये. ०.०१ ते ०.०५ टक्के ट्वीन २० (साबणासारखं काम करणारं द्रव्य) घालून, मलमलच्या दोन-तीन पदरांतून गाळून, पिपेटमध्ये घेण्याआधी बाटली हलवली की बहुतेक गुठळ्या सुटतात. फ्युजेरियम या बुरशीत लहान आणि मोठे बीजाणू वेगळे मोजावेत.

मर्यादा दोन. पहिली, ही काच मेलेले बीजाणूही मोजते. त्यामुळे वॉटर अगारवर (पाण्यात अगार घालून घट्ट केलेल्या थरावर) शंभरेक बीजाणूंची उगवण पाहणं सुटत नाही, आणि तुलनेसाठी रोगाला हमखास बळी पडणारा वाण प्रत्येक ट्रेत लागतोच. दुसरी, अल्टरनेरिया सोलानी या बुरशीचे शेपटीवाले बीजाणू १०० मायक्रॉनपेक्षा लांब असतात. या उथळ चेंबरमध्ये ते कडेलाच अडकतात आणि संख्या कमी दिसते. त्यांच्यासाठी ०.२ मिलिमीटर खोलीचं फुक्स-रोझेन्थाल चेंबर (अशीच दुसरी मोजणीची काच) घ्यावं.

घेताना ब्राइट-लाइन प्रकार निवडावा. त्यात जाळीच्या रेषा ठळक दिसतात, शोधत बसावं लागत नाही. काम झाल्यावर आधी पाणी, मग ७० टक्के अल्कोहोल, आणि पुसायला लेन्स पेपरच. खरखरीत फडक्याने जाळीवर चरे पडतात, आणि पुढे चरा कोणता नि बीजाणू कोणता हेच कळत नाही.