एमएचटी-सीईटीची प्रवेशप्रक्रिया, खेड्यातून वापरताना (पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित गट)

एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्रातली अभियांत्रिकी प्रवेशाची सामाईक परीक्षा. पेपर म्हणून ती चांगली आहे. १५० प्रश्न, २०० गुण, तीन तास, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण ८० टक्के भार बारावीवर, २० टक्के अकरावीवर. राज्य मंडळाचं पुस्तक नीट वाचलेल्या पोराला प्रश्न परके वाटत नाहीत. शिवाय गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाचं सिरोंचा असो की नागपूर, माप एकच. बारावीच्या गुणांचं तसं नाही. भौतिक आणि रसायनाचे तीस-तीस गुण प्रात्यक्षिकाचे, ते कॉलेजातूनच येतात, आणि कोणत्या परीक्षा केंद्रावर खिडकीतून काय चालतं हे गावाला ठाऊक असतं.

त्रास सुरू होतो तो अर्जापासून. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो, मग जूनमध्ये ओटीपी त्याच्याकडे आणि तो लग्नाला परगावी. नंबर आणि ईमेल घरचाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच टाका. आधारवर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.

माध्यमाचा रकाना सगळ्यात जास्त फसवतो. भौतिक, रसायन मराठीतून देता येतं, गणित मात्र फक्त इंग्रजीत असतं. आपल्याकडे दहावी मराठीतून झालेली असते म्हणून मुलं मराठी निवडतात, पण अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतून शिकलेलं असतं. मग पडद्यावर ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ दिसलं की येत असलेलं भौतिकाचं उदाहरणही सुटत नाही. दोन वर्षं ज्या भाषेत वाचलं, तीच निवडा.

वेळेची वाटणी आधी समजून घ्या. पहिली ९० मिनिटं भौतिक-रसायनाची, १०० प्रश्न, एकेक गुण. ती संपली की तो भाग बंद होतो आणि गणिताचे ५० प्रश्न उघडतात, प्रत्येकी दोन गुण. रसायन लवकर उरकून गणिताला जादा वेळ काढू म्हणाल तर जमत नाही. ज्याच्या हाताला माऊसची सवय नाही, त्याची मिनिटं पर्याय निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबण्यातच जातात. परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सराव चाचणी फुकट आहे. ती मोबाईलवर सोडवू नका. तालुक्याच्या संगणक वर्गात बसून, माऊस हातात घेऊन तीनदा तरी सोडवा.

अंतराचं काय करायचं? सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळचा पेपर नऊला, हजेरी त्याच्याही बरीच आधी. म्हणजे आदल्या दिवशी निघणं, मुक्काम, सोबत वडील, एप्रिल-मेचं ऊन. शहरातल्या मुलाच्या दोन तासांच्या कामाला इथं दोन दिवसांची मजुरी जाते. केंद्र तालुक्यापर्यंत आलं पाहिजे, ही मागणी रास्त आहे.

निकालानंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्यांत कागद अडतात. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच द्या. अनुसूचित जमातीची पडताळणी समिती वेगळी असते. नुसती पोचपावती काही दिवसच चालते, मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा हातची जाते. नॉन-क्रीमीलेअरची वैधता पुढच्या ३१ मार्चपर्यंत हवी. पसंतीक्रम भरताना पहिल्या ओळीत खरोखर हवं तेच कॉलेज ठेवा, कारण पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं.

आता सक्तीचा प्रश्न, म्हणजे सीईटी कुठं सक्तीची असावी आणि कुठं नको. अभियांत्रिकीला सीईटी हवीच. पण बारावी फक्त पात्रतेपुरती (पीसीएमला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४०) ठेवल्यानं गावोगावची कनिष्ठ महाविद्यालयं ओस पडली आहेत. नाव गावच्या कॉलेजात, मुलगा अकोल्याच्या क्लासला, प्रयोगशाळेला कुलूप. क्लासची फी ज्याला परवडत नाही, तो त्या कुलपापुढेच उभा राहतो. निम्मा भार बारावीच्या लेखी गुणांना दिला तर वर्ग पुन्हा भरतील. बीबीए-बीसीएला मात्र सीईटीची सक्ती नको होती. २०२४ साली ती पहिल्यांदा आली, कित्येकांना परीक्षा झाल्यावरच कळलं, आणि त्याच वर्षी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. तालुक्याच्या कॉलेजात बीसीए करणाऱ्या मुलीला बारावीचे गुण पुरेसे आहेत.

पेपरला पाचपैकी चार. खेड्यापर्यंत पोचण्याला दोन.