उजेड त्याने निवडला होता

भिगवणजवळच्या कुंभारगावहून नाव सुटली तेव्हा सकाळचे सात वाजत आले होते. जानेवारीतला गारठा, उजनीच्या पाण्यावर पातळ धुकं, आणि पलीकडे उथळ पाण्यात चाळीस-पन्नास रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून चरत होते. माझ्या मांडीवर १५०-६०० ची, म्हणजे लांबचा पक्षी जवळ आणणारी, लेन्स होती. वापरलेलीच, पण माझ्याकडे नव्याने आलेली. तिच्यासाठी मी दोन वर्षं पैसे साठवले होते.

मी नेहमी दोन-चार फोटो काढून नावाड्याला दाखवते. त्याचं सगळं आयुष्य या पाण्यावर गेलंय, पक्षी त्याला माझ्याआधी दिसतो. स्क्रीनकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, उजव्या अंगाचे पक्षी पुसल्यागत का दिसत्यात?"

मला वाटलं, धुकं असेल. ऊन वर येईपर्यंत थांबलो. मग एकच रोहित फ्रेमच्या उजव्या बाजूला घेतला, त्याच्या डोळ्यावर नीट फोकस केला आणि पुन्हा काढला. डोळा नव्हताच, गुलाबी-पांढरा डाग होता. तोच पक्षी डावीकडे घेतला तर चोचीचं काळं टोकही स्वच्छ. तेवढ्यात डोक्यावरून पट्टकदंबांचा थवा गेला. हिमालय ओलांडून आलेले पक्षी, अगदी माथ्यावर, सकाळच्या उन्हात. लेन्सची मोटर घरघर करत पुढे-मागे होत राहिली आणि एकही फोटो मिळाला नाही. त्या क्षणी पोटात खड्डा पडला. मी फसले होते.

हे सविस्तर लिहिते आहे, कारण या महिन्याभरात मला चार जणांनी विचारलं की भिगवणसाठी वापरलेली लेन्स कुठून घ्यावी. मला ही लेन्स विकणारा माणूस त्या चौघांनाही भेटू शकतो.

मी बारामतीत माध्यमिक शाळेत शिकवते. नऊ वर्षांपासून फोटो काढते. भादलवाडीच्या तलावावरची चित्रबलाक करकोच्यांची वीण, भिगवणचे रोहित आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, एवढंच माझं जग. उजनी धरण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. गाव वर सरकलं, देऊळ तिथंच राहिलं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की ते हेमाडपंती देऊळ उघडं पडतं. भेगाळलेल्या चिखलातून चालत जावं लागतं. दगडांवर शंख-शिंपले चिकटलेले असतात. ते सगळं माझ्या साध्या १८-५५ च्या लेन्सवर निघतं.

पक्ष्यांचं तसं नाही. छोटी लेन्स असली की माणूस नावाड्याला म्हणतो, "अजून थोडं जवळ घ्या." नाव जवळ गेली की थवा उडतो. उडताना फोटो छान येतो म्हणून मुद्दाम थवे उडवणारेही मी पाहिलेत. दिवसभर पाण्यातून कण कण गाळून खाणारा पक्षी, त्याला सकाळी चार वेळा उडवलं तर त्याने खायचं कधी? मला तो पाप वाटणारा प्रकार आहे. लांबची लेन्स मला त्याचसाठी हवी होती, की नाव लांब उभी राहावी आणि पक्ष्याला आपली जाणीवही होऊ नये.

दुकानात नवी घ्यायची तर ९० हजारांच्या आसपास. माझं गणित ५०-५५ हजारांचं. म्हणून एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर मी 'वापरलेली लेन्स हवी आहे' असं टाकलं. पहिली चूक तिथं झाली. माझं बजेट मी स्वतःच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. "मॅडम, तुमचा पळसनाथाचा मे महिन्यातला फोटो पाहिला. वीरगळावर जो तिरपा उजेड पडलाय तो फार सुंदर आहे." फोटोत नेमकं काय चांगलं आहे हे त्याने बरोबर सांगितलं, आणि मी विरघळले. लग्नाचे फोटो काढायचो, आता शिकायला बाहेर चाललोय, सामान विकतोय, असं त्याचं म्हणणं. लेन्सने काढलेले पक्ष्यांचे पाच-सहा फोटो पाठवले. सुरेख होते. ते त्याचेच होते की नाही, हे मी तपासलं नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कॅमेरा, लेन्स, तारीख ही त्यातली नोंद निघून जाते. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागितली असती तर ती नोंद टिकली असती. काही कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये तर लेन्सचा क्रमांकसुद्धा येतो. मी मागितलीच नाही. मागितली असती तर त्याने काय कारण दिलं असतं, यावरूनच पुष्कळ कळलं असतं.

भेट पुण्यात ठरली, स्वारगेटजवळ. मी रविवारी सकाळी येते म्हटलं. तो म्हणाला, सकाळी जमणार नाही, शनिवारी संध्याकाळी साडेसहाला या, रात्रीची गाडी आहे माझी. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडलेला असतो. एका अमृततुल्यच्या बाकावर, ट्यूबलाइटखाली, त्याने खोका उघडला. वेळ त्याची, जागा त्याची, घाई त्याची. उजेडावर जगणारी बाई मी, आणि उजेड मी त्याला निवडू दिला.

त्याने माझ्याच कॅमेऱ्याला लेन्स लावली आणि सेटिंग मला करूच दिलं नाही. "थांबा मावशी, मी करून देतो." मेसेजमध्ये मॅडम होते, समोर आल्यावर मावशी झाले. रस्त्यापलीकडच्या दिव्यांनी उजळलेल्या फलकाचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. अक्षरं कोरल्यासारखी. तो फोटो अजून माझ्या कार्डात आहे. नंतर घरी बघितलं तेव्हा कळलं की त्याने उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र एफ/११ ला, म्हणजे बारीक, ठेवलं होतं आणि मोठा करून दाखवला तो फक्त मधला भाग. छिद्र बारीक केलं की लेन्सचे बरेच दोष झाकले जातात, आणि मध्यभाग तर सगळ्यात शेवटी बिघडतो. पहाटेच्या उजेडात पक्षी टिपायला मला छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफ/६.३ लागतं. त्यावर एकही फोटो काढला गेला नाही. लेन्सच्या तोंडावर एक फिल्टर होता, तो काढायला गेले तर निघेना. "जाम झालाय, तेल लावून निघेल." मी मान डोलावली.

कागदपत्रं मी पाहिली, अगदी शिक्षिकेच्या सवयीने पाहिली. खोक्यावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला. आकडा न् आकडा जुळत होता. लेन्सवरचा क्रमांक बघायचं मात्र डोक्यातच आलं नाही.

५८ हजार सांगितले होते, ५२ ला ठरलं. ३० हजार रोख, २२ हजार यूपीआयने. पैसे जाताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. "बहिणीचं खातं आहे, माझं बंद करतोय ना." गाडीची वेळ झाली म्हणून तो उठला, पाया पडला आणि गेला. हो, पाया पडला. ते मला अजून सहन होत नाही.

भिगवणहून परतल्यावर मी घरी विजेरीने पाहिलं तेव्हा आतल्या एका काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं. आठवड्याभराने पुण्यात जुन्या लेन्स दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गेले. त्यांनी मला शेजारी बसवून सगळं दाखवलं, आणि त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते विकत घेण्याआधी कळायला हवं होतं.

त्यांनी खोलीतला दिवा बंद केला. लेन्सच्या मागून विजेरी तिरपी धरली आणि पुढून आत बघायला सांगितलं. "सरळ बघू नका, कडेने बघा." आधी धूळ दिसली. धुळीला घाबरायचं नाही, म्हणाले, वापरलेल्या लेन्समध्ये चार कण असणारच, फोटोत त्यांनी काही बिघडत नाही. मग विजेरी थोडी वळवली आणि बुरशी चमकली. दमट जागी पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती धरते. काच पुसता येते, पण काचेवरचा लेप तिने एकदा खाल्ला की तो परत येत नाही. माझ्या लेन्सची ती काच आधीच कुणीतरी उघडून पुसली होती, कशाने तरी खरवडून. एका अंगाला लेपाचा जांभळट रंग होता, दुसऱ्या अंगाला तो उडालेला.

मग माझं बोट धरून त्यांनी मागच्या कड्यावरच्या स्क्रूंवर ठेवलं. चार स्क्रूंपैकी तिघांची तोंडं खरखरीत लागली. "कंपनीबाहेर उघडलीये. पडली असणार. जोडताना एक काच तिरकी बसलीये, म्हणून तुमची उजवी बाजू जाते." जाम फिल्टर त्यांनी दोन मिनिटांत काढला. त्याखालचं कडं ठेचलेलं होतं. फिल्टर नुसता अडकला नव्हता, तो पडल्याची खूण झाकायला तिथं ठेवला होता.

शेवटी त्यांनी ट्रायपॉडला लावायची कॉलर सैल करून सरकवली. तिच्याखाली लेन्सचा खरा क्रमांक होता. तो खोक्याशी जुळत नव्हता, बिलाशीही नाही. खोका एका लेन्सचा, बिल त्या खोक्याला शोभेल असं, आणि आत भलतीच लेन्स. ती मुळात कुणाची, चोरीची आहे का, मला माहीत नाही. दुसऱ्याची चोरीची वस्तू घरात आहे की काय, या विचाराने किती रात्री झोप लागली नाही.

बिलाचंही तेच. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुण्याच्या दुकानाच्या त्या बिलावर सुरुवातच २९ ने होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं. चहा येईपर्यंत मोबाइलवर होणारं काम होतं ते.

दुरुस्तीला २० हजारांच्या पुढे, आणि तरी खात्री नाही. कारागिरांनी एक पैसा घेतला नाही. एवढंच म्हणाले की ही लेन्स तुमच्या बाकीच्या लेन्सबरोबर एका बॅगेत ठेवू नका.

यानंतर मी जे केलं नाही, ते जास्त लक्ष देऊन वाचा. मी गप्प बसले. घरी सांगायची लाज वाटली. ५२ हजार, शिकलेली बाई, लोक काय म्हणतील. फोन लावून पाहिला, बंद होता. असे १९ दिवस घालवले, आणि मग मुलाला सांगितलं. त्याने पहिलं वाक्य विचारलं, "आई, १९३० ला फोन केलास?" सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन. लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथं अडवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा खात्यातून रक्कम कधीच काढलेली होती. सायबर तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि पोच घेतली. फसवणुकीला आपण ४२० म्हणतो, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ आहे, हे तिथं कळलं. रोख दिलेल्या ३० हजारांचा माझ्याकडे कागदाचा एक तुकडा नाही. त्याच्याकडून चार ओळींची पावती आणि ओळखपत्राची प्रत मागायला मला संकोच वाटला, तो पाया पडणारा मुलगा होता म्हणून.

वापरलेली लेन्स घेऊच नका, असं मी म्हणत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना तोच रस्ता आहे, आणि प्रामाणिक विकणारे खूप आहेत. माझी जुनी ५५-२५० अशीच घेतलेली, आजही उत्तम चालते. पण दिवसाउजेडी भेटा. आपल्या कॅमेऱ्यावर आपल्या हाताने, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. विजेरी बरोबर न्या. कॉलर सरकवा. विकणारा खरा असेल तर तो थांबेल. माझी ५५-२५० ज्यांनी विकली, त्यांनी स्वतः म्हटलं होतं, घरी न्या, दोन दिवस वापरा, मग पैसे द्या.

एक गोष्ट अजून, आणि त्यासाठीच आज हे घाईने लिहायला बसले. परवा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला एक जाहिरात पाठवली, घेऊ का म्हणून विचारायला. तीच लेन्स, ५४ हजार, ठिकाण कोल्हापूर, नाव वेगळं. फोटो मात्र मला डिसेंबरात आला होता तोच. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चादर, तिच्यावर आडवी ठेवलेली लेन्स, आणि खोक्याच्या डाव्या कोपऱ्यावर चिकटपट्टी ओढून निघालेला बोटभर पांढरा ओरखडा. तो खोका माझ्या कपाटात आहे. मी जाहिरातीची तक्रार केली, ती त्याच संध्याकाळी काढली गेली. काल रात्री पुन्हा लागली आहे. आता ठिकाण नाशिक आहे.